रात्री काही झालं तर?

घरात शेवटच्या आजारातलं माणूस असलं की कुटुंबाला दिवसाची फार भीती वाटत नाही. दिवसा शेजारी असतात, मेडिकलचं दुकान उघडं असतं, फॅमिली डॉक्टर फोन उचलतात. भीती रात्रीची. पहिल्या भेटीत फाइल बघून होते, पेशंटशी बोलून होतं, चहा होतो आणि मग जिन्यापर्यंत सोडायला आलेलं कुणीतरी आवाज खाली करून विचारतं, "सिस्टर, रात्री काही झालं तर?" हा प्रश्न न विचारणारं घर मला आठवत नाही. आमच्या कामाचं मोजमाप करायचंच असेल, तर या एका प्रश्नाला आम्ही काय उत्तर देऊन आलो यावरूनच करावं, असं मला मनापासून वाटतं.

मी आधी वॉर्डात नर्स होते. नंतर पॅलिएटिव्ह केअरच्या गाडीत बसले. आजार बरा होणार नसला तरी त्याचा त्रास कमी करायचा, आणि तोही पेशंटच्या घरी जाऊन, असं हे काम. एक डॉक्टर, एक नर्स, एक समाजसेविका आणि गल्लीबोळ पाठ असलेला ड्रायव्हर. सिंहगड रस्ता, हडपसर, धायरी, पुढे मुळशी-भोरच्या बाजूची गावं. बहुतेक पेशंट कॅन्सरचे. थोडे किडनीचे, फुप्फुसाचे, अर्धांगवायूने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले.

"आता घरी न्या, सेवा करा," असं सांगून या माणसांना दवाखान्यातून सोडलेलं असतं. वॉर्डात तीन पाळ्यांतल्या नर्सेस, वॉर्डबॉय, आया मिळून जे करायच्या ते त्या क्षणापासून एका सुनेच्या, बायकोच्या किंवा मुलाच्या अंगावर येतं. मी वॉर्डात होते तेव्हा आठ तासांनी गणवेश उतरवून घरी जायचे. सुनेला पाळी बदलायला कुणी येत नाही. आम्ही आठवड्यातून एकदा जाणार, फार तर दोनदा, तेही तासाभरासाठी. बाकीचा सगळा वेळ घरच्यांचाच. त्यामुळे मी पेशंटला काय केलं यापेक्षा घरातल्या माणसाला काय करता येऊ लागलं, हे बघायची सवय मी स्वतःला लावून घेतली.

मॉर्फिनचं नाव काढलं की घर गप्प होतं. एका घरात आजींचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरला होता. कूस बदलताना त्या पदराचा बोळा तोंडात धरायच्या, नातवंडांना आवाज जाऊ नये म्हणून. आणि मॉर्फिनच्या गोळ्या मुलाने कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या, किल्ली खिशात. "अगदीच वेळ आली की देऊ," तो म्हणाला. त्याच्या मनात तीन गोष्टी पक्क्या होत्या. हे शेवटचं औषध, ते सुरू केलं म्हणजे आई चालली. याचं व्यसन लागतं. आणि आत्ताच दिलं तर पुढे दुखेल तेव्हा द्यायला काही उरणार नाही. यातली एकही गोष्ट खरी नाही. पण ती खरी नाही असं नुसतं सांगून भागत नाही. आमच्या डॉक्टरांनी त्याला शेजारी बसवून सगळं उलगडून सांगितलं. गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी द्यायची. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो. पहिले दोन-तीन दिवस झापड येईल, मळमळेल, मग अंग सवय करून घेतं. बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून गोळीच्या जोडीला हवंच. झोपतानाचा डोस दुप्पट लिहून दिला, म्हणजे मध्यरात्री आईला उठवायला नको आणि त्यालाही गजर लावून उठायला नको. व्यसनाधीन माणूस नशेसाठी गोळी शोधतो. दुखणाऱ्या माणसाला फक्त दुखणं थांबायला हवं असतं.

मग एक वही केली. वेळ, गोळी, किती दुखतंय. आम्ही शून्य ते दहा असा आकडा विचारतो. आजींना तो हिशेब काही केल्या पटेना. त्या म्हणाल्या, "काल सोळा आणे होतं बघ. आज बारा." आम्ही वहीत आणेच लिहायला लागलो. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाच्या अक्षरात 'चार आणे' लिहिलेलं होतं आणि आजी उशीला टेकून बसून सुनेला लसणीची चटणी कशी जमत नाही ते सांगत होत्या. त्या घरात नंतर मला मॉर्फिनबद्दल एक शब्द बोलावा लागला नाही. उलट, वरच्या मजल्यावरच्या एका पेशंटच्या घरच्यांना या मुलानेच जाऊन समजावलं.

गोळी द्यायला घर तयार झालं तरी ती मिळायला हवी ना. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने मागून ठेवले होते की मॉर्फिन ठेवण्याच्या फंदात दवाखाने पडेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी एकच परवाना पुरेसा झाला. ही दुरुस्ती व्हावी म्हणून केरळमधले डॉक्टर राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं खेटे घालत होते. कायदा बदलला, पण तालुक्याच्या गावात अजूनही सहसा मॉर्फिन मिळत नाही. एका पेशंटचा पुतण्या पहाटेच्या एसटीने निघून गोळ्या न्यायला पुण्याला यायचा, त्या दिवसाची मजुरी बुडवून. वेदना थांबवण्याचं इतकं स्वस्त आणि जुनं औषध माणसाला त्याच्या तालुक्यात मिळू नये, याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्यामुळे तोंडाचे कॅन्सर फार. गालाची गाठ फुटून बाहेर येते, जखम वाहते, वास सुटतो. हा वास घर मोडतो. दोन खोल्यांच्या एका घरात आजोबांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं आणि बाकी सगळे स्वयंपाकघरात जेवत, तिथेच झोपत. सून ड्रेसिंग करायची, पण नाकाला पदर लावून. सासऱ्यांनी ते पाहिलं आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिला खात होतं. मी तिला म्हटलं, वास येतो हे तुमच्या मायेचं उणेपण नव्हे, जखमेत जंतू झालेत म्हणून येतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्याची पूड जखमेवर कशी भुरभुरायची ते दाखवलं. ड्रेसिंगचं कापड सुकून चिकटलं असलं तर ओढायचं नाही, सलाइनने भिजवून सुटू द्यायचं. चार-सहा दिवसांत वास बराच उतरला. पुढच्या भेटीला गेलो तर धाकटी नात आजोबांच्या कॉटवर पाय हलवत बसून पाढे म्हणत होती. आजोबांना बोलता येत नव्हतं. ते बोटांनी चुकीच्या पाढ्यावर थांबवत होते.

त्याच घरात मला आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती टाळण्यासारखी नव्हती. मानेजवळच्या जखमेतून कधी कधी एकदम रक्त येतं, आणि ते थांबत नाही. सुनेला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की गडद लाल किंवा मरून रंगाचे जुने टॉवेल उशाशी ठेवा. पांढऱ्या चादरीवरचं रक्त आहे त्याहून कितीतरी जास्त दिसतं, आणि बघणाऱ्याचा धीर सुटतो. असं झालं तर टॉवेल दाबून धरायचा, एकाने जवळ बसून हात धरायचा, दुसऱ्याने फोन करायचा. मुलांना आत न्यायचं. हे ऐकताना सुनेचे ओठ थरथरत होते. पण जाताना ती म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, आता निदान माहीत तरी आहे." शेवटी रक्त आलंच नाही, आजोबा झोपेत गेले. टॉवेल तसेच घडी घालून ठेवलेले होते. वाईटातलं वाईट आधी सांगितलं तर घर खचेल, असं पुष्कळ डॉक्टरांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. खचतं ते न सांगितलेलं घर.

सगळ्यात कठीण बोलणं जेवणाचं. आपल्याकडे माया ताटातून जाते. "दोन घास खा ना," हे बायको वीस वेळा म्हणते, नवरा तोंड फिरवतो, ती रडते, तो चिडतो. एका बाईंनी पहाटे उठून मऊ भात, मुगाचं कढण, नाचणीची पेज असं एकामागून एक करून ठेवलेलं मी पाहिलं आहे. त्यांच्या यजमानांना त्यातलं काहीच गिळवत नव्हतं. "उपाशी मारू का मी त्यांना?" त्या मला विचारत होत्या. या प्रश्नापुढे शास्त्र सांगत बसण्यात अर्थ नसतो. मी आधी त्यांच्या हातचं मऊ भाताचं ताट घेऊन खाल्लं. मग सावकाश सांगितलं, की खाणं थांबल्यामुळे ते चाललेले नाहीत. ते चाललेत, म्हणून शरीर अन्न मागायचं थांबलंय. जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जायचा. सलाइन लावलं तर तेच पाणी पायांत, छातीत साठतं आणि घशातली घरघर वाढते. पण मायेला करायला काहीतरी हवंच असतं, ते काढून घेऊन चालत नाही. म्हणून कापसाचा बोळा ओला करून तोंड पुसणं, ओठांना साजूक तूप लावणं, शहाळ्याचं पाणी चमच्याने जिभेवर थेंब थेंब सोडणं, हे त्यांच्या हातात दिलं. लिंबाच्या सरबताचा बर्फ करून त्याचा छोटा खडा तोंडात द्यायची कल्पना तर त्यांचीच. ती मी नंतर किती घरांत सांगितली!

खरं सांगायचं की नाही, हा तंटा जवळजवळ प्रत्येक घरात असतो. दारातच हात जोडून सांगतात, "त्यांच्यापुढे कॅन्सर म्हणू नका, हाय खातील." आणि आत गेलं की पेशंट म्हणतो, "हिला एवढ्यात सांगू नका, ही कोलमडेल." दोघांनाही सगळं माहीत असतं. एक निवृत्त शिक्षक होते. बायको पाणी आणायला आत गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, दिवाळी दिसेल का मला?" मी उत्तर द्यायच्या आधी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, गुरुजी?" ते म्हणाले, "नाही दिसणार. पण शेताची वाटणी करायची राहिलीय." त्यांची परवानगी घेऊन बायकोला बोलावलं. मग जे व्हायचं ते झालं. दोघं रडले, खूप वेळ. पण त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तलाठ्याकडचे कागद झाले, बँकेत वारस लागला, बोलणं टाकलेला धाकटा भाऊ येऊन पायाशी बसून गेला. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स सांगायच्या, की वेदना एकट्या शरीराची नसते, तीत मनाची, नात्यांची, पैशाची, श्रद्धेची वेदना मिसळलेली असते. प्रशिक्षणात हे आम्ही पाठ केलं होतं. गुरुजींना वाटणी झाल्यानंतर मॉर्फिनचा वाढवलेला डोस पुन्हा कमी करावा लागला, तेव्हा ते मला खरं कळलं.

मग परगावचा मुलगा. तो वाईट नसतो, हे मी आधीच सांगते. घरची सून महिनोन् महिने करत असते, तिला सासू रोज थोडी थोडी जाताना दिसत असते. अमेरिकेतल्या मुलाने आईला व्हिडिओ कॉलवर नीट केस विंचरून बसवलेलं पाहिलेलं असतं. तो उतरतो तो थेट म्हणतो, "आयसीयूत का नाही नेलं?" पुढे भावकी आहेच, 'काही केलं नाही' असं म्हणायला. अशा वेळी सून एकटी पडू नये म्हणून आम्ही आधीच सगळ्यांना फोनवर एकत्र घेऊन बोलतो, आणि काय ठरलं ते लिहून पलंगाशेजारी लावतो. कायदा याच्या आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, यंत्रांवर ठेवू नका असं आधी लिहून ठेवायची मुभा दिली. २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदारांसह नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही चालते. तरी शेवटच्या तासाला धीर सुटून अँब्युलन्स बोलावली जाते, आणि ज्यांना आपल्या अंथरुणात जायचं होतं ते रस्त्यात जातात. त्या घरच्यांना मी कधीही दोष दिलेला नाही. त्यांना त्या रात्री काय दिसेल, हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही सांगतो. लघवी कमी होईल. झोप वाढेल, हाक मारली तरी उत्तर येणार नाही, पण बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता शेवटपर्यंत असते. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट नक्षी उमटेल. श्वास थांबून थांबून येईल, मधे इतका वेळ जाईल की तुम्हाला वाटेल संपलं, आणि पुन्हा येईल. घशात घरघर होईल. ती ऐकवत नाही, पण तोवर पेशंट इतका ग्लानीत असतो की त्याला तिचा जाच होत नसावा. कुशीवर वळवा, घरघरीचं इंजेक्शन कातडीखालच्या सुईतून द्या. दम लागला तर तोंडावर टेबलफॅनचा वारा सोडा, खिडकी उघडा. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत, आणि खाली आमचा नंबर. फोन येतातच. दोन वाजता, तीन वाजता. बहुतेकदा पलीकडच्याला सगळं ठाऊक असतं. 'कागदावर लिहिलंय तसंच होतंय, तेच ना?' एवढंच त्याला विचारायचं असतं.

कागदपत्राचीही एक गोष्ट आहे, तिच्यापायी घरं फार हैराण होतात. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण नमुना ४-अ मध्ये, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. रात्री अडीचला अनोळखी डॉक्टर ते देत नाही, आणि का द्यावं? इकडे नातेवाईक जमलेले, तिकडे स्मशानभूमीत कागद मागतात. म्हणून जवळच्या डॉक्टरांना आधीच भेटा, फाइल दाखवा, रात्री याल का ते स्पष्ट विचारून ठेवा, हे मी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच सांगते. तुळशीचं पान आणि गंगाजल लोक न सांगता काढून ठेवतात. हे सांगावं लागतं.

करणारं माणूस बहुतेक घरांत एकच असतं आणि बहुतेकदा ती बाई असते. मी पेशंटचं बीपी घेतलं की लगेच तिचंही घेते. तुमचं जेवण झालं का, काल किती तास झोपलात, कंबर कशी आहे, हे विचारते. पुष्कळ जणींना गेल्या कित्येक महिन्यांत हे कुणी विचारलेलं नसतं. चादरीची गुंडाळी करून दोन तासांनी कूस कशी बदलायची, म्हणजे पेशंटला बेडसोअर होत नाही आणि आपली कंबरही जात नाही, हे दाखवायला मला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी कितीही घाई असली तरी सोडत नाही. पुरुषही करतात, आणि उत्तम करतात. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका बायकोची कॅथेटरची पिशवी रिकामी करण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं शिकले. ब्युरोची बाई ठेवायची त्यांची ऐपत होती, पण बायको परक्या हाताला लाजायची. पलंग आणि एअरबेड त्यांनी रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून आणला होता. अशी केंद्रं गावोगावी आहेत आणि त्यांच्या आधाराने किती घरं तरतात याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

दिवस झाल्यानंतर आम्ही पुन्हा एकदा जातो. उरलेलं मॉर्फिन परत घ्यायचं असतं, हे निमित्त. आईची सेवा केलेली एक मुलगी म्हणाली की अजून रात्री दोनला आपोआप जाग येते, उठून आईच्या खोलीत जाते आणि मग आठवतं. थोड्या वेळाने तिने जे विचारलं ते मी अनेक घरांत ऐकलं आहे. "शेवटची गोळी मी दिली. तिच्यामुळे तर नाही ना गेली?" आम्ही वही उघडली. महिनाभर तोच डोस होता. श्वास बदलल्याची नोंद त्या गोळीच्या कितीतरी आधीची, तिच्याच अक्षरात. ती बराच वेळ ते पान वाचत राहिली. नीट लिहिलेली वही पेशंटच्या उपचारासाठी लागते हे खरं, पण ती ठेवायचा माझा हट्ट असतो तो या दिवसासाठी.

घरीच मरण यावं असा माझा आग्रह नाही. सत्तरीची एकटी बायको, चौथा मजला, लिफ्ट नाही, दिवसाआड पाणी, आणि पेशंट रात्रभर ओरडतोय, अशा घराला 'घरीच ठेवा' म्हणणं क्रूरपणा आहे. अशा पेशंटना ठेवून घेणारं शांती अवेदना वांद्र्याला १९८६पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून. तिथे नेणं म्हणजे टाकून देणं, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी स्पष्ट विचारते, रात्री तुम्ही येऊन बसाल का?

काही जण खरंच येऊन बसतात, आणि माझी सगळी आशा त्यांच्यावर आहे. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिकवून ही सेवा गावोगावी उभी राहिली. आपल्याकडे गणेश मंडळाची मुलं पेशंटला खुर्चीसकट चार मजले अलगद उतरवताना मी पाहिली आहेत. बचत गटाच्या बायका आहेत, आशाताई आहेत. तोंड कसं पुसायचं, कूस कशी वळवायची, श्वास बदलला तर कुणाला फोन करायचा, हे शिकायला चार-दोन दुपारी पुरतात. धायरीच्या एका सोसायटीत पाच बायकांनी मिळून वार वाटून घेतले. रोज दुपारी दोन ते चार एकीने पेशंटजवळ बसायचं, सुनेने दार लावून झोपायचं. तो पेशंट गेल्यावर त्याच पाच जणी शेजारच्या विंगेतल्या एका घरी जाऊन विचारून आल्या, तुमच्याकडे कोणत्या वारी येऊ?